घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट : नवीन, रि-इश्यू, मुलांचे, आजी-आजोबांचे

वाटाड्या

एकट्या माणसाचा पासपोर्ट काढणं आता बऱ्यापैकी सोपं झालंय, पण घरातल्या चार-पाच जणांचे एकदम काढायचे म्हटलं की लोक अडकतात, आणि माझ्या पाहण्यात ते नियमांमुळे कमी आणि कागदांवरच्या नावांमुळे जास्त अडकतात. आईच्या पासपोर्टवर लग्नाआधीचं नाव, बाळाच्या जन्मदाखल्यावर आईचं लग्नानंतरचं नाव, बाबांच्या आधारवर मधलं नाव नुसतं एका अक्षरात, आणि मग अपॉइंटमेंटच्या दिवशी काउंटरवरचा माणूस विचारतो की ही सगळी एकाच घरातली माणसं कशावरून. त्याचंही बरोबर असतं, त्याला फक्त कागद दिसतात.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की वेबसाइट उघडायच्या आधी घरातल्या सगळ्यांचे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नावं मोठ्याने वाचा. जन्मदाखला, आधार, पॅन, शाळेचा दाखला, जुना पासपोर्ट. जिथे स्पेलिंग वेगळं निघेल तिथे आधी तो कागद दुरुस्त करा, मगच फॉर्म भरा. दुसरं सांगणं, आधी आईवडिलांचे पासपोर्ट नीट करा आणि मग मुलांचे. मुलाच्या अर्जात आईवडिलांचे पासपोर्ट हेच सगळ्यात वजनदार कागद असतात. दोघांचे चालू असतील, त्यावर नवरा-बायको म्हणून एकमेकांची नावं असतील तर मुलाचं काम साधारणपणे पोलीस व्हेरिफिकेशनशिवाय होतं. पत्त्यासाठीसुद्धा आईवडिलांच्या पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान चालतं.

आता ढोबळ नियम. मोठ्यांचा पासपोर्ट १० वर्षांचा, १८ च्या आतल्यांचा ५ वर्षांचा किंवा १८ पूर्ण होईपर्यंतचा, जे आधी येईल ते. साधी फी मोठ्यांना ३६ पानांची १५०० रुपये, ६० पानांची २००० रुपये, मुलांना १००० रुपये. तत्काळ हवा असेल तर वर २००० जास्त. पहिल्यांदाच काढत असाल तर ८ वर्षांच्या आतल्या मुलांना आणि ६० च्या वरच्या ज्येष्ठांना १० टक्के सवलत मिळते, रि-इश्यूला नाही.

आणि एक गोष्ट जी खूप जणांच्या लक्षात येत नाही. जुन्या पासपोर्टवर शिक्का मारून मुदत वाढवून मिळत नाही. नवीन पुस्तिका येते, नंबर बदलतो आणि अर्ज 'रि-इश्यू' मध्ये करायचा असतो. ज्याच्याकडे आयुष्यात कधीही पासपोर्ट होता, अगदी दुसरीत असताना काढलेला आणि नंतर कपाटात पडून संपलेला असला तरी, त्याने 'फ्रेश' निवडायचं नाही. जुना पासपोर्ट रेकॉर्डमध्ये असतो आणि फॉर्ममध्ये तो लपवल्यासारखं दिसतं. कॉलेजातली मुलं स्वतः फॉर्म भरतात आणि त्यांना लहानपणीचा पासपोर्ट आठवतही नाही, त्यामुळे आईवडिलांनी हे सांगितलंच पाहिजे.

विचारा काय विचारायचं ते, मला जे पक्कं माहीत आहे तेवढंच सांगेन.

केवडा

फार वेळेवर विषय काढलात. आमचं बाळ आठ महिन्यांचं आहे, माझा आणि नवऱ्याचा पासपोर्ट चालू आहे पण माझ्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव नाही कारण तो लग्नाआधीचा आहे. मग आधी माझा बदलायलाच लागेल का? आणि एवढ्या लहान बाळाला तिथे नेऊन फोटो कसा काढतात, ते तर मान पण धरत नाही नीट.

वाटाड्या

केवडा, फोटोची काळजी सोडा. ४ वर्षांच्या आतल्या मुलांचा फोटो तुम्ही बाहेरून काढून न्यायचा, पांढरी पार्श्वभूमी, ४.५ बाय ३.५ सेंमी, चेहरा समोर आणि डोळे उघडे. त्याच्या वरच्या मुलांचा फोटो केंद्रातच काढतात. बाळाला मात्र न्यावंच लागतं. सही येत नाही म्हणून अंगठ्याचा ठसा घेतात, त्याच्या जागी आईवडिलांनी सही ठोकायची नाही.

आता कागद. जन्म १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतरचा असेल तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो, हा बदल फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीत आला. त्याआधी जन्मलेल्यांना शाळेचा दाखला, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार कार्ड, विम्याची पॉलिसी असे पर्याय अजूनही आहेत. त्यामुळे तुमच्या बाळासाठी जन्मदाखला हाच एक आधार आहे, तो नीट वाचून घ्या. त्यावर बाळाचं नाव आहे ना? हॉस्पिटलातून नोंद जाते तेव्हा बऱ्याचदा नावाची जागा रिकामी असते, ते नंतर घालून घ्यावं लागतं. पहिल्या वर्षभरात नाव घालायला विलंब शुल्क लागत नाही, नंतरही घालता येतं पण उगाच कशाला थांबायचं.

तुमच्या पासपोर्टबद्दल, नवऱ्याचं नाव नाही म्हणून बाळाचा अर्जच होत नाही असं अजिबात नाही. अ‍ॅनेक्शर डी म्हणजे दोघांचं संमतीपत्र, साध्या कागदावर, दोघांच्या सह्या, नोटरी लागत नाही. ते द्या, दोघांच्या पासपोर्टच्या ओरिजिनल आणि झेरॉक्स न्या, लग्नाचा दाखला असला तर फाइलीत ठेवा. फरक इतकाच की पोलीस व्हेरिफिकेशन लागू शकतं. तुमच्या हातात वेळ असेल तर मी म्हणेन आधी तुमचा रि-इश्यू करून नाव घालून घ्या, पुढे दोन वर्षांनी, पाच वर्षांनी प्रत्येक वेळी त्याचा उपयोग होतो. घाई असेल तर आहे तसं बाळाचं करून टाका.

घननीळ

माझा भाऊ परदेशात नोकरीला आहे, वहिनी आणि पुतणी इथे. पुतणीचा पासपोर्ट काढायचा तर भावाला यायलाच हवं का? एजंट म्हणतोय की त्याच्याशिवाय होणारच नाही आणि 'मी करून देतो' म्हणून बरेच पैसे मागतोय.

वाटाड्या

यायला हवं असं काही नाही. मुलाबरोबर एक पालक हजर असला की पुरे. दुसरा पालक इथेच पण दुसऱ्या गावी असेल तर अ‍ॅनेक्शर डी वर त्याची सही आणि पासपोर्टची सेल्फ अटेस्टेड प्रत. परदेशात असेल तर तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वकिलातीत जाऊन संमतीचं प्रतिज्ञापत्र साक्षांकित करून पाठवायचं आणि वहिनींनी इथे अ‍ॅनेक्शर डी द्यायचं. भावाच्या पासपोर्टच्या प्रती बरोबर ठेवा.

एजंटचं म्हणाल तर, तो फॉर्मच भरून देणार, जो तुम्ही घरी बसून भरू शकता. अपॉइंटमेंटचे स्लॉट सगळ्यांना एकाच वेबसाइटवरून मिळतात. आणि वेबसाइट नीट बघा, सरकारी साइटच्या पत्त्यात शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं. तिच्यासारख्या दिसणाऱ्या साइट्स आहेत ज्या जास्त फी घेतात आणि वर तुमच्या सगळ्या कुटुंबाची माहिती त्यांच्याकडे जाते, परराष्ट्र मंत्रालयानेही त्याबद्दल सावध केलंय. मोबाइलवर एमपासपोर्ट सेवा नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, २०१८ पासून त्यावरूनही अर्ज भरता येतो.

ओंजळ

एकट्या आईबद्दल मी लिहिते कारण मी स्वतः यातून गेलेय आणि मला त्या वेळी कोणी सांगणारं नव्हतं. मुलाच्या पासपोर्टसाठी वडिलांचं नाव किंवा सही असलीच पाहिजे असा नियम नाहीये. २०१६ च्या डिसेंबरमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने जे नियम सोपे केले त्यात स्पष्ट आहे की अर्जात आई किंवा वडील किंवा कायदेशीर पालक, कुणा एकाचं नाव दिलं तरी चालतं. त्याच वर्षी दिल्ली हायकोर्टानेही एका आई-मुलीच्या केसमध्ये हेच म्हटलं होतं की वडिलांच्या नावाचा आग्रह धरता येणार नाही. घटस्फोट झालेल्या बाईला स्वतःच्या फॉर्ममध्ये आधीच्या नवऱ्याचं नाव देण्याचीही सक्ती नाही.

एका पालकाने अर्ज करताना अ‍ॅनेक्शर सी द्यायचं असतं, डी नाही. त्यात कारण लिहायचं असतं, म्हणजे घटस्फोट, वेगळं राहणं, दुसऱ्याने संमती नाकारणं, सोडून जाणं वगैरे. मुलाचा ताबा कोर्टाने दिला असेल तर त्या आदेशाची प्रत न्या, संपूर्ण, नुसतं शेवटचं पान नाही. ताब्याची केस अजून चालू असेल तर मात्र आधी वकिलाला विचारा, कोर्टाची परवानगी लागू शकते आणि ती न घेता अर्ज केला तर पुढे केसमध्येच तुमच्या विरुद्ध वापरलं जातं.

आणि एक, काउंटरवर कोणी चारचौघांत आवाज चढवून 'मुलाचे वडील कुठे आहेत' विचारलं तर घाबरू नका आणि तिथे आपली कहाणी सांगत बसू नका. शांतपणे अ‍ॅनेक्शर सी पुढे करा. शेवटच्या सी काउंटरवर सरकारी अधिकारी असतो, निर्णय त्याचा असतो, त्याला नियम माहीत असतात.

केवडा

ओंजळ, हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे. माझ्या मैत्रिणीला पाठवते लगेच.

वाटाड्या

ओंजळने लिहिलंय त्यात एवढंच जोडतो की दत्तक मुलांसाठीही त्याच बदलात सूट आली, नोंदणीकृत दत्तकपत्र नसेल तर साध्या कागदावर तसं घोषणापत्र देता येतं. आणि अनाथाश्रमातल्या मुलांकडे जन्मतारखेचा पुरावा नसेल तर संस्थेच्या प्रमुखाचं पत्र चालायचं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना जन्मदाखल्याची अट आता आली आहे, ती लक्षात ठेवून संस्थांनी जन्मनोंदणीच आधी करून घेतलेली बरी.

मुशाफिर७

नावाचं सांगा ना कोणीतरी. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असं तीन नावांचं चालतं, फॉर्ममध्ये गिव्हन नेम आणि सरनेम एवढे दोनच रकाने. बायकोचं लग्नानंतर मधलं नाव पण बदललं आणि आडनाव पण. तिच्या आधारवर नवीन, पॅनवर जुनं, डिग्रीवर जुनं. कुठलं धरायचं?

वाटाड्या

मुशाफिर, आधी हे की लग्नानंतर नाव बदलणं सक्तीचं नाही. कायद्यात कुठेही नाही. जुनंच नाव ठेवून पासपोर्टवर फक्त जोडीदाराचं नाव घालून घेता येतं आणि नोकरी, शिक्षण, बँक सगळं जुन्या नावावर असेल तर मला तरी तोच मार्ग सरळ वाटतो. बदलायचंच असेल तर लग्नाचा दाखला किंवा दोघांचं एकत्र घोषणापत्र देऊन रि-इश्यूला टाका, पण मग पॅन, बँक, आधार सगळीकडे तेच करा, अर्धं इकडे अर्धं तिकडे ठेवू नका. तुमच्या बायकोच्या बाबतीत डिग्री आणि पॅन दोन्ही जुन्या नावावर आहेत, आधार एकच बदललंय, तर आधार परत जुन्यावर आणणं सोपं की बाकी सगळं नव्यावर नेणं सोपं हे दोघांनी बसून ठरवा. निर्णय तिचा असू दे, कागद तिचे आहेत.

रकान्यांबद्दल, गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि मधलं नाव, सरनेममध्ये आडनाव. सरनेम रिकामं सोडून सगळं गिव्हन नेममध्ये कोंबू नका. फार जुन्या काही पासपोर्टवर असं असायचं आणि त्याचा आता खरा त्रास होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश बंद केला, तेव्हा आपल्याकडची पुष्कळ माणसं अडकली. तुमच्या घरात आजी-आजोबांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर तिकीट काढायच्या आधी दुरुस्त करा.

लहान मुलांच्या नावाबाबत एक नवीन गोष्ट. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आलाय. मला हा निर्णय मनापासून आवडला. पण त्यामुळे एकाच घरात मोठ्या मुलाचं नाव तीन शब्दांचं आणि धाकट्याचं चार शब्दांचं असं होणार. हरकत काही नाही, फक्त प्रत्येक मुलाच्या जन्मदाखल्यावर जे आहे तेच अक्षर न अक्षर पासपोर्टवर घ्या. दोघं भावंडं सारखी दिसावीत म्हणून एकाचं नाव कापू नका.

मुशाफिर७

बरं, आणि वडिलांचं नाव पूर्ण की नुसतं पहिलं? माझ्या पासपोर्टवर वडिलांच्या नावात त्यांच्या वडिलांचं नाव पण आलंय, भावाच्या पासपोर्टवर नाहीये.

वाटाड्या

तुमच्या वडिलांच्या स्वतःच्या पासपोर्टवर किंवा आधारवर जसं आहे तसं. पुढच्या रि-इश्यूला दोघं भाऊ एकसारखं करून घ्या. त्याच्यासाठी मुद्दाम आत्ता करायची गरज नाही.

केशरमावशी

माझं वय ६८, यजमान ७३. मुलगी बाहेर आहे, तिच्याकडे जायचं आहे. यजमानांचा जुना पासपोर्ट हाताने लिहिलेला आहे, संपून बरीच वर्षं झाली. माझा कधीच काढला नाही. मी मॅट्रिक नाही, तर म्हणे माझ्या पासपोर्टवर काहीतरी वेगळा शिक्का येतो आणि विमानतळावर अडवतात. हे खरं आहे का? मला त्याचीच धास्ती वाटते.

वाटाड्या

केशरमावशी, धास्ती अजिबात नको. तुम्ही ज्याबद्दल ऐकलंय ते ईसीआर. दहावी न झालेली माणसं ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाताना त्यांची फसवणूक होऊ नये म्हणून सरकारची मंजुरी घ्यावी लागते, त्यासाठी तो शिक्का असतो. ५० वर्षांच्या वरच्या माणसांना तो लागतच नाही, शिक्षण कितीही असू दे. १८ च्या आतल्या मुलांनाही लागत नाही, आयकर भरणाऱ्यांनाही नाही. त्यामुळे तुमच्या पासपोर्टवर तो येणार नाही आणि मुलीकडे जाताना त्यावरून कोणी अडवणार नाही. फॉर्ममध्ये 'नॉन ईसीआर साठी पात्र आहात का' विचारतात तिथे 'हो' लिहायचं, जन्मतारखेवरून ते कळतंच.

यजमानांचं रि-इश्यूमध्ये टाकायचं, फ्रेश नाही. मुदत संपून तीन वर्षांहून जास्त झाली असा वेगळा पर्याय फॉर्ममध्ये येतो तो निवडा. हाताने लिहिलेले पासपोर्ट नोव्हेंबर २०१५ नंतर जगात कुठे चालतच नाहीत, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ती मुदत ठरवली होती, त्यामुळे त्यांना नव्यानेच लागणार होता. जुनी पुस्तिका जपून न्या, फेकू नका. व्हेरिफिकेशनसाठी पोलीस घरी येतील किंवा चौकीत बोलावतील. तुमचा फ्रेश आहे, ६० च्या वर आहात म्हणून १० टक्के सवलत तुम्हाला मिळेल, १५०० च्या जागी १३५०.

जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला नसेल तर पॅन, मतदार कार्ड चालतं, पण त्यांच्यावर आणि आधारवर जन्मतारीख एकच आहे का ते पाहा. तुमच्या पिढीत आधारवर नुसतं जन्मसाल असतं कधीकधी, पूर्ण तारीख नसते, तसं असेल तर आधी आधार अपडेट करून घ्या.

केशरमावशी

देव तुमचं भलं करो. आधारवर खरोखरच नुसतं साल आहे, नातवाला सांगते आजच.

दर्यावर्दी

आम्ही बाहेर राहतो म्हणून तिकडचं लिहितो. परदेशात जन्मलेलं मूल जर भारतीय नागरिक ठेवायचं असेल तर जन्मानंतर एक वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करावी लागते, नागरिकत्व कायदा १९५५, कलम ४. सोबत लिहून द्यावं लागतं की मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते, मग वेळ जातो. आणि अमेरिकेसारख्या देशात जन्मताच तिथलं नागरिकत्व मिळतं, तिथला पासपोर्ट काढलात तर भारतीय पासपोर्ट नाही, मग ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड. दोन्ही एकदम ठेवायची सोय आपल्या कायद्यात नाही. काहीजण 'आत्ता दोन्ही काढू, नंतर बघू' म्हणतात, कृपा करून मुलाच्या बाबतीत असं करू नका, त्याचा भुर्दंड त्याला मोठेपणी बसतो.

ओसीआय असलेल्या मुलांचं, २० वर्षांपर्यंत दर वेळी नवीन पासपोर्ट आला की नवीन फोटो आणि पासपोर्टची प्रत ऑनलाइन अपलोड करायची, तीन महिन्यांच्या आत. कार्ड मात्र दर वेळी नवीन काढायला लागत नाही, २०२१ पासून ते सोपं झालंय, विसाव्या वर्षानंतर एकदा काढलं की झालं.

घननीळ

दर्यावर्दी, जुन्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा शिल्लक असेल आणि पासपोर्ट संपला तर व्हिसा पण गेला का?

दर्यावर्दी

नाही. अमेरिकेचा व्हिसा त्याच्या तारखेपर्यंत चालू असतो, जुना आणि नवीन दोन्ही पासपोर्ट बरोबर घेऊन प्रवास करायचा. रि-इश्यूला जाताना काउंटरवर सांगा की आत चालू व्हिसा आहे. पासपोर्ट रद्द करताना ते पुस्तिकेचा कोपरा कापतात, व्हिसाच्या पानाला हात लावत नाहीत, आणि जुनी पुस्तिका परत देतात. दुसऱ्या देशांचे नियम त्या त्या देशाचे बघा, सगळे सारखे नाहीत.

वाटाड्या

मुदतीबद्दलही दोन ओळी, कारण कुटुंबं इथेच फसतात. पासपोर्टवर तारीख शिल्लक आहे म्हणजे जाता येईल असं नाही. सिंगापूर, थायलंड, अमिराती अशा बऱ्याच ठिकाणी पोचल्यापासून निदान सहा महिने शिल्लक लागतात. युरोपच्या शेंगेन देशांत परतीच्या तारखेनंतर तीन महिने, शिवाय पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि दोन कोरी पानं हवीत. मोठ्यांचा दहा वर्षांचा असल्याने तो लक्षात राहतो, मुलांचा पाचच वर्षांचा असतो आणि तो गुपचूप संपतो. चौघांची तिकिटं काढून झाल्यावर कळतं की धाकटीचा चारच महिने शिल्लक आहे.

मुदत संपायच्या आधी एक वर्षापासून रि-इश्यूला अर्ज करता येतो. उरलेले महिने नवीन पुस्तिकेत मिळत नाहीत, म्हणून काहीजण शेवटपर्यंत ताणतात. माझं मत सरळ आहे, प्रवासाचा जरा जरी विचार असेल तर त्या काही महिन्यांचा लोभ धरू नका. फोनमध्ये घरातल्या प्रत्येकाच्या मुदतीच्या दहा महिने आधीचा रिमाइंडर टाकून ठेवा.

मनमोर

मुलगी १६ ची आहे, तिचा पासपोर्ट पुढच्या महिन्यात संपतोय. आता परत काढला तर दोन वर्षांत १८ ची झाली की पुन्हा?

वाटाड्या

१५ ते १८ च्या मुलांना दोन पर्याय आहेत. १८ पर्यंतचा १००० रुपयांत किंवा थेट १० वर्षांचा १५०० रुपयांत. बारावीनंतर बाहेर शिकायला जायचं डोक्यात असेल तर दहा वर्षांचाच घ्या, नाहीतर नेमका प्रवेश आणि व्हिसाच्या धावपळीत तो संपेल. तिचं दहावीचं सर्टिफिकेट असेलच, ते फाइलीत ठेवा. अर्ज रि-इश्यूचाच, आणि १८ च्या आत आहे म्हणून अ‍ॅनेक्शर डी लागेल.

मनमोर

हे माहीतच नव्हतं, थेट दहा वर्षांचाच काढतो. हल्ली चिपवाला येतो म्हणे, तो सगळ्यांना घ्यावा लागतो का?

वाटाड्या

ई-पासपोर्ट. कव्हरवर खाली छोटं सोनेरी चिन्ह असतं, आत चिप आणि अँटेना असते. २०२४ मध्ये प्रायोगिक सुरू झाला, आता देशभर येतोय. आपल्याला निवडायचं काही नसतं, जुना साधा पासपोर्ट त्याच्या तारखेपर्यंत पूर्ण चालतो. चिपसाठी म्हणून मुदतीआधी बदलायची गरज नाही.

ओंजळ

हरवला तर काय ते पण राहू दे इथे. आधी पोलिसात तक्रार, त्याची प्रत, मग अ‍ॅनेक्शर एफ म्हणजे हरवल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि रि-इश्यू. ३६ पानांसाठी ३००० रुपये लागतात, मुदत शिल्लक असताना हरवला तर. परदेशात हरवला आणि लगेच घरी यायचं असेल तर वकिलात इमर्जन्सी सर्टिफिकेट देते, ते फक्त भारतात परत येण्यापुरतं. म्हणून सगळ्यांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये असू द्या. हरवल्याची तक्रार दिल्यावर जुना सापडला तरी तो वापरायचा नाही, तो रद्द झालेला असतो.

केवडा

शेवटचं एक. तिघांचे फॉर्म एका लॉगिनवरून भरता येतात का आणि एकाच दिवशी मिळतं का?

वाटाड्या

एका लॉगिनवरून भरता येतात, पण प्रत्येकाचा अर्ज, फी आणि अपॉइंटमेंट वेगळी. स्लॉट दिसतील तसे लागोपाठचे घ्या. २०१८ पासून देशात कुठल्याही केंद्रातून अर्ज करता येतो, त्यामुळे जवळच्या केंद्रात तारीख नसेल तर शेजारच्या जिल्ह्यातलं पोस्ट ऑफिसमधलं केंद्र पण बघा, तिथे गर्दी कमी असते बऱ्याचदा. व्हेरिफिकेशन मात्र तुम्ही अर्जात दिलेल्या पत्त्यावरच होतं, म्हणून जिथे खरोखर राहता तोच पत्ता द्या, गावचं घर चांगलं दिसतं म्हणून ते देऊ नका. तारीख जमली नाही तर पहिल्या अपॉइंटमेंटपासून वर्षभरात तीनदा बदलता येते, फी त्याच वर्षापुरती चालते.

त्या दिवशी ए काउंटरला कागद स्कॅन, फोटो आणि बोटांचे ठसे, बी ला कागदांची तपासणी, सी ला मंजुरी. ए वरचे कर्मचारी खाजगी कंपनीचे असतात, बी आणि सी सरकारी. फॉर्ममधली चूक ए वर दुरुस्त होऊ शकते, म्हणून तिथे स्क्रीनवर नाव आणि तारीख नीट वाचा, बाळ रडत असलं तरी. बाहेर पडताना जी पावती मिळते तिच्यावर फाइल नंबर असतो, त्यावर आणि जन्मतारखेवर पुढचं सगळं ट्रॅक होतं. पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरी येतो, त्या आठवड्यात घरी कोणीतरी ओळखपत्र घेऊन असेल असं बघा. आणि पाकीट उघडल्या उघडल्या तिघांची नावं पुन्हा जन्मदाखल्याशी ताडून बघा, छपाईची चूक निघाली तर लगेच कळवा, प्रवासाच्या वेळी नको.

केवडा

बुधवारचे स्लॉट दिसतायत, नवऱ्याशी बोलून टाकते. जन्मदाखल्यावर बाळाचं नाव अजून घातलेलं नाही, आत्ताच बघितलं, उद्या आधी नगरपालिकेत जाते.

वाटाड्या

मग बुधवार घेऊ नका, नाव घातलेला दाखला हातात आला की मगच स्लॉट घ्या.